तिसरीच्या वर्गातली पोटदुखी आणि शाळेचा 'मानसिक आरोग्य आराखडा'

प्रश्न एका वर्गशिक्षिकेचा आहे. तिसरीचा वर्ग, पटावर ३८ मुलं, शाळेत समुपदेशक नाही. मुख्याध्यापिकांनी तिच्यावर 'मुलांच्या मानसिक आरोग्याचा आराखडा' करायचं काम सोपवलंय. आठवड्याला एक 'भावनांचा तास' ठेवला तर पुरेल का, असं ती विचारते. वर्गातल्या दोन मुलांची तिला काळजी लागून राहिली आहे. एक मुलगी रोज पोट दुखतं म्हणून रडते. एक मुलगा दिसेल त्याला मारतो, बाक ढकलतो, तास चालू देत नाही. 'मला याचं प्रशिक्षण नाही, माझ्या हातून काही चुकलं तर?' हा तिचा शेवटचा प्रश्न.

मी गेली २२ वर्षं प्राथमिक शाळांत समुपदेशनाचं काम करते. त्याआधी काही वर्षं वर्ग सांभाळला आहे, त्यामुळे ३८ मुलं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

बाई, आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू. मुलाला काय झालंय याचं निदान करणं तुमचं काम नाही. कोणी ते तुमच्या गळ्यात मारत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. पण डॉक्टरला ते मूल अर्धा तास दिसतं, तेही अनोळखी खोलीत, आईला चिकटून बसलेलं. तुम्हाला ते रोज पाच-सहा तास दिसतं : हरताना, जिंकताना, मैत्रिणीशी कट्टी घेताना, गणित चुकल्यावर. शिवाय त्याच वयाची आणखी ३७ मुलं शेजारी असल्यामुळे या वयाला काय साहजिक आणि काय वेगळं, याचा अंदाज तुम्हाला आई-वडिलांपेक्षाही चांगला असतो. हे बघणं आणि लिहून ठेवणं तुमच्याइतकं चांगलं कोणाला जमणार नाही. आराखड्याचा पाया तोच.

भावनांचा तास जरूर ठेवा. पण तिसऱ्या तासाला 'राग आला तर काय करावं' हे शिकवायचं आणि चौथ्या तासाला वही विसरलेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करायचं, असं झालं तर मुलं चौथा तास लक्षात ठेवतात. मुलांचं मन सांभाळलं जातं किंवा दुखावतं ते हजेरी घेताना, रांग लावताना, उत्तर चुकल्यावर, मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना. त्यामुळे आराखडा करायचाच तर तो या वेळांचा करा.

आता पोटदुखीकडे येते, कारण प्राथमिक शाळेत मनाचं दुखणं सगळ्यात जास्त वेळा याच वाटेने येतं. सात-आठ वर्षांचं मूल 'मला ताण आलाय' असं म्हणत नाही. पोटात दुखतंय, डोकं दुखतंय, मळमळतंय, शू लागलीय, असंच म्हणतं. ही थाप नसते. माणूस घाबरला की शरीर पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागतं, रक्त स्नायूंकडे वळतं, पचनाचं काम बिघडतं आणि पोटात खरोखरच गोळा येतो. मोठ्यांना परीक्षेआधी जे होतं तेच.

काही वर्षांपूर्वी दुसरीतल्या एका मुलाला माझ्याकडे आणलं होतं. रोज पोट दुखायचं, रोज घरून कोणीतरी न्यायला यायचं. डॉक्टरांनी तपासलं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. तो नाटक करतो, असं एव्हाना सगळ्यांचं मत झालं होतं. मी त्याच्या बाईंना एवढंच सांगितलं, की पंधरा दिवस फक्त लिहून ठेवा. चार रकाने : वार आणि वेळ, त्याच्या जरा आधी वर्गात काय चाललं होतं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर काय झालं. 'नाटक केलं' असं लिहायचं नाही. 'पोट धरून बाकावर डोकं टेकलं' असं लिहायचं.

दहाव्या दिवशी बाई स्वतःच वही घेऊन आल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी पोट एकदाही दुखलं नव्हतं. बाकीच्या दिवशी अकराच्या सुमारास दुखायचं. मंगळवारी, शुक्रवारी त्या वेळेला चित्रकला असायची, इतर दिवशी भाषेचा तास. भाषेच्या तासाला बाई पहिल्या बाकापासून ओळीने एकेकाला उभं करून धडा वाचायला लावत. हा चौथ्या बाकावर. मी मागे बसून एक तास बघितला. पहिल्या बाकावरचं मूल उठलं तेव्हा त्याने बोटाने ओळी मोजायला सुरुवात केली. आपल्या वाट्याला कोणत्या ओळी येणार ते तो काढत होता. दुसऱ्या बाकाला ओठ हलायला लागले. तिसऱ्या बाकावरचं मूल उभं राहिलं आणि हात पोटाशी गेला.

त्याला घरी पाठवलं जात होतं ते दयेपोटी, पण त्यानेच दुखणं वाढत होतं. भीतीपासून सुटका झाली की लगेच बरं वाटतं, आणि मन शिकतं की पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी भीती आणखी मोठी होऊन समोर येते. जबरदस्तीने उभं करणंही तितकंच वाईट. आम्ही पायऱ्या केल्या. आधी मधल्या सुट्टीत त्याने फक्त बाईंना एक वाक्य वाचून दाखवायचं. मग शेजारच्या मित्राबरोबर जोडीने. मग चौघांच्या गटात. उद्या कोणता उतारा आहे ते आज सांगायचं. एक पायरी सोपी वाटायला लागेपर्यंत पुढची नाही. आणि ओळीने उठवायची पद्धत बाईंनी सगळ्या वर्गासाठीच बंद केली. त्यानंतर आणखी तीन मुलं हात वर करायला लागली, ज्यांच्याबद्दल कोणाची काही तक्रारच नव्हती. त्या मुलाला वाचनात खरी अडचण होती, हेही यातूनच बाहेर आलं. अक्षरं जुळवताना तो अडखळायचा. त्याची भीती बिनबुडाची नव्हती. वाचनासाठी वेगळी मदत सुरू झाली तेव्हा पोटदुखी पूर्ण थांबली.

तुमच्या मुलीसाठी क्रम असा ठेवा. आधी डॉक्टर, कारण पोटदुखी खरोखर पोटाचीही असते. त्याबरोबर एक साधी गोष्ट तपासा : शाळेच्या स्वच्छतागृहात ती जाते का? कडी लागत नाही, मोठी मुलं दार वाजवतात, म्हणून दिवसभर दाबून धरणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. त्याने बद्धकोष्ठ होतो आणि पोट दुखतं. तिथे समुपदेशक नाही, सुतार लागतो. मग चार रकाने. दुखणं सकाळी शाळेत येतानाच असेल तर घर सोडण्याची भीती आहे का बघा. घरी कोणी आजारी आहे का, भांडणं चालली आहेत का, मी नसताना आईला काही होईल असं तिला वाटतं का? दुखणं फक्त मधल्या सुट्टीआधी असेल तर कारण मैदानावर शोधा. एखाद्याच विषयाला असेल तर त्या तासात.

नोंदी हाताशी असतील आणि शाळेला थोडं पद्धतशीर काही हवं असेल, तर ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली एक प्रश्नावली आहे. 'बलस्थानं आणि अडचणी' असं तिचं नाव मराठीत सांगता येईल. २५ विधानं, शिक्षकाची वेगळी प्रत आणि पालकांची वेगळी. मला ती आवडते, कारण त्यातली पाच विधानं मूल इतरांशी किती आपुलकीने वागतं याबद्दल आहेत. फक्त दोष मोजायचे, असं तिचं काम नाही. पण ती चाळणी आहे, निदान नाही. आकडा बघून कोणाला नाव चिकटवू नका, आणि शिक्षककक्षात तर तो आकडा बोलूच नका.

आता मुलगा. खरं सांगायचं तर मला नेहमी अशा मुलांची जास्त काळजी वाटते, कारण रडणाऱ्याला जवळ घेतात आणि मारणाऱ्याला बाहेर काढतात. या वयातलं दुःख पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात दिसतं. झोप नीट न झालेलं, घरी मार खाणारं, ऐकू कमी येणारं, अभ्यास अजिबात न कळणारं मूल, ही सगळी बाहेरून एकसारखीच दिसतात : 'वांड'. म्हणून कान आणि डोळे आधी तपासून घ्या. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून उठून फिरणारा मुलगा मी 'चंचल' या शिक्क्यासह दोन वर्षं काढताना पाहिला आहे.

त्याच्यासाठीही तेच चार रकाने, पण शेवटच्या रकान्याकडे जास्त लक्ष द्या. त्याने बाक ढकलला, मग काय झालं? बहुधा असं झालं असेल, की सगळा वर्ग त्याच्याकडे बघायला लागला, तुम्ही शिकवणं थांबवून त्याच्याजवळ गेलात, आणि जे गणित त्याला येत नव्हतं ते सुटलं. तीन बक्षिसं एका दमात मिळाली. तो हे ठरवून करतो असं मी म्हणत नाही. पण जे केल्याने काही मिळतं ते मूल पुन्हा करतं, मोठी माणसंही करतात.

भडका उडालेला असताना समजावू नका. त्या वेळी शब्द आत पोहोचत नाहीत. आवाज खाली, वाक्यं छोटी, उंची त्याच्याइतकी. 'मी इथेच आहे. हात खाली.' एवढं पुरे. बाकीची मुलं दोन पावलं लांब. बोलणं नंतर, तो पाणी पिऊन शांत झाल्यावर, आणि तेही 'का केलंस?' असं नको. 'का' चं उत्तर त्याला स्वतःलाच माहीत नसतं, मग तो गप्प बसतो किंवा खोटं बोलतो. 'त्याच्या आधी काय झालं होतं?' असं विचारा. ज्याला लागलं त्याच्यासाठी आता काय करता येईल, हेही त्यालाच विचारा. वर्गाच्या एका कोपऱ्यात शांत बसायची जागा केलीत तर छान, फक्त ती शिक्षेची जागा होऊ देऊ नका. तुम्ही स्वतः कधीतरी तिथे दोन मिनिटं बसलात तर मुलांना ते आपोआप कळतं.

आणि रोज दोन मिनिटं त्याला द्या, दहा दिवस. अभ्यास नाही, वागणूक नाही, उपदेश नाही. त्याला काय आवडतं त्यावर बोला. पहिले तीन-चार दिवस तो तुम्हाला टाळेल, कारण मोठी माणसं जवळ आली की बोलणी बसतात असा त्याचा अनुभव आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी तो स्वतः काहीतरी सांगायला येतो. मी हे इतक्या मुलांच्या बाबतीत बघितलंय, की ज्या शिक्षकाला फक्त एकच गोष्ट करायला वेळ आहे त्याला मी हीच सांगते.

यामागे भाबडेपणा नाही. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली व्यसनं, मानसिक आजार, तुटलेली घरं असं बरंच काही वाट्याला आलेल्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलं मोठी होऊन नीट उभी राहिली. त्यांच्यात जे समान सापडलं त्यात एक गोष्ट होती : लहानपणी जीव लावणारं निदान एक भरवशाचं मोठं माणूस. ते नेहमी आई-वडीलच होते असं नाही. आजी-आजोबा होते, शेजारी होते, आणि शिक्षक होते.

वागणुकीसाठी सगळ्या वर्गासोबत खेळता येईल असा एक जुना, चांगला अभ्यासलेला खेळ आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये एका चौथीच्या वर्गात तो पहिल्यांदा वापरला गेला. वर्गाचे गट करायचे, नियम दोन-तीनच आणि अगदी स्पष्ट, आणि ठरलेल्या दहा मिनिटांत नियम कमी वेळा मोडणारा गट जिंकतो. सगळेच गट मर्यादेत राहिले तर सगळेच जिंकतात. १९८० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये पहिलीच्या वर्गांत तो लावला, आणि ती मुलं वयाच्या विशीत आल्यावर पुन्हा गाठली. लहानपणी सर्वांत आक्रमक असलेल्या मुलग्यांना याचा फायदा झालेला दिसला, व्यसनाच्या अडचणी त्यांच्यात कमी होत्या. मी तो वापरते, पण एका अटीवर : 'तुझ्यामुळे आपण हरलो' असं गटाने एका मुलाला म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही. तसं दिसलं तर त्या दिवशी खेळ थांबवते आणि त्याचा गट बदलते, किंवा त्याला काही दिवस स्वतःचाच वेगळा गट देते.

नव्याने शिकवायला लागले तेव्हा मी फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्या मुलांची नावं लिहायचे. वर्ग गप्प बसायचा, मला वाटायचं जमलं. एका दिवशी शाळा सुटल्यावर एक मुलगी परत आली आणि तिने आपल्या नावाची जागा ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसली. नाव तर मी दुपारीच पुसलं होतं. तिने मला बघितलं नव्हतं. त्यानंतर मी कोणाचं नाव चुकीसाठी फळ्यावर लिहिलं नाही. शरमेने मूल गप्प बसतं, सुधारत नाही, आणि ती शरम ते घरी घेऊन जातं. आराखड्यात एक ओळ ही असू द्या : सगळ्यांसमोर लाजवणं बंद, प्रत्येक वर्गात, प्रत्येक शिक्षकाकडून.

भावनांच्या तासाबद्दल आता सांगते. तो घ्यायला बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात दोन लाख सत्तर हजारांहून अधिक मुलं होती. वागणूक आणि भावनिक त्रास यांत सुधारणा दिसलीच, अभ्यासातही सरासरी ११ शततमकांचा फरक पडला, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेलं मूल साधारण ११ जागा पुढे गेलं. आणि वर्गशिक्षकांनी स्वतः घेतलेले उपक्रम चांगले चालले होते. चालले ते कसे? क्रमाने, करून बघत, नेमकं एकच कौशल्य धरून. भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता लावून काही होत नाही.

मी सुरुवात शब्दांपासून करते. मुलांना विचारलं 'कसं वाटतंय?', तर उत्तर दोनच : छान नाहीतर वाईट. पण आपल्या भाषेत केवढी श्रीमंती आहे! हिरमुसणं, रुसणं, खट्टू होणं, धास्तावणं, भेदरणं, बुजणं, ओशाळणं, वैतागणं, हुरहूर लागणं, कावरंबावरं होणं, जिवात जीव येणं. आठवड्याला एकच शब्द घ्या. 'हिरमुसणं' म्हणजे काय, चेहरा कसा होतो, खांदे कुठे जातात, कधी होतं? रुसणं आणि रागावणं यात फरक काय? एका आठ वर्षांच्या मुलाने मला सांगितलं होतं, 'रुसतो तेव्हा कोणीतरी मनवायला यावं असं वाटतं, रागावतो तेव्हा कोणी येऊ नये असं.' याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही. भावनेला नाव देता आलं की तिची धार थोडी बोथट होते. मेंदूचं चित्रण करून मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये मोठ्या माणसांत हे दाखवलंय : चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची हालचाल कमी होते. पण मुलं हे शिकतात ते तुमच्याकडून. 'आज माझी जरा चिडचिड होतेय, तुमच्यामुळे नाही. मी खिडकीशी एक मिनिट उभी राहते,' असं तुम्ही म्हणालात तर दहा तासांचं काम होतं.

मधल्या सुट्टीसाठी एक युक्ती. शाळेचा साधा नकाशा काढा, वर्ग, जिना, मैदान, स्वच्छतागृह, फाटक. प्रत्येक मुलाला एक प्रत द्या, नाव लिहायला लावू नका. जिथे बरं वाटतं तिथे हिरवा रंग, जिथे भीती वाटते तिथे लाल. सगळे कागद एकावर एक ठेवून पाहिलेत की मोठ्यांना कुठे उभं राहायला हवं ते कळतं. मी केलेल्या एका नकाशात जिन्याचं एकच वळण लाल होतं, जवळजवळ सगळ्या कागदांवर.

छळ आणि भांडण यात गल्लत होऊ देऊ नका. नॉर्वेचे डॅन ओल्वेउस यांनी छळाची जी ओळख सांगितली ती अजून उपयोगी पडते : मुद्दाम, पुन्हा पुन्हा, आणि समोरच्याला परतवता येत नाही अशा ताकदीच्या फरकाने. भांडण असेल तर दोघांना समोरासमोर बसवून मिटवा. छळ असेल तर तसं करू नका. ज्याला त्रास झाला त्याला त्रास देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून 'मिटलं' म्हणायला लावणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय असतो. दोघांशी वेगवेगळं बोला, आणि आजूबाजूच्यांवर काम करा. फिनलंडमधल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी दाखवलं, की छळाच्या वेळी हसणारे, बघत राहणारे, साथ देणारे अशा सगळ्यांच्या भूमिका असतात. मैदानावर कॅमेरे लावून कॅनडात झालेल्या एका अभ्यासात, इतर मुलांनी मध्ये पडल्यावर निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला होता. दहा सेकंद! म्हणून मुलांना एक वाक्य तोंडपाठ करून द्या : 'चल, आपल्याकडे खेळायला ये.' छळणाऱ्याला अडवायचं धैर्य सगळ्यांना होत नाही, पण एकट्या पडलेल्याला हाक मारणं बहुतेकांना जमतं.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा करू नका. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घरी एक फोन चांगल्या गोष्टीसाठी, रोज दोन केले तरी महिनाभरात वर्ग होतो. मग अडचणीचा फोन करायची वेळ आली की पलीकडचा माणूस आधीच बचावाच्या पवित्र्यात नसतो. 'तुमच्या मुलाला काहीतरी प्रॉब्लेम आहे' या वाक्याने पुढचं सगळं बंद होतं. 'गेले पंधरा दिवस मी असं बघतेय. तुम्हाला घरी काय दिसतं?' असं विचारा आणि मग गप्प बसा. झोपेबद्दल जरूर विचारा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि झोप कमी पडलेलं मूल पुष्कळदा पेंगत नाही, उलट उधळतं. खेळ काढून घेणं ही शिक्षा कोणी करत असेल, घरी किंवा शाळेत, तर थांबवा. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली धावपळ सांगते, आणि ज्याला ती सगळ्यात जास्त हवी त्याचीच सुट्टी आपण कापतो.

काही गोष्टींत मात्र थांबून बघायचं नाही. मुलाने मार, स्पर्श, उपासमार असं काही सांगितलं तर ऐका, घाबरलेला चेहरा करू नका, आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला मोडावं लागणार आहे. 'तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी यात चूक नाही. तुला सुरक्षित ठेवू शकतील अशा माणसांना मला हे सांगावं लागेल.' उत्तर तोंडात घालणारे प्रश्न विचारू नका, चौकशी तुमची नाही. त्याच दिवशी, त्याच्याच शब्दांत लिहा, आणि शाळेत बाल संरक्षणाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला शाळा सुटायच्या आत सांगा. संशय घरातल्या माणसावर असेल तर आधी घरी फोन करू नका. तसंच मुलाने 'मला मरायचंय' म्हटलं तर लहान आहे, ऐकलं असेल कुठेतरी, असं धरू नका. साध्या शब्दांत विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना आणि तज्ज्ञाला कळवा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

घरात मृत्यू झालेल्या मुलाला 'आजोबा झोपले', 'लांब गेले' असं सांगू नका. पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना हळूहळू कळायला लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही, आणि 'झोपले' ऐकलेलं मूल रात्री झोपायला घाबरतं. 'वारले, त्यांचं शरीर थांबलं' हे त्याला पेलतं. ते पाच मिनिटं रडेल आणि लगेच खेळायला पळेल. त्याला दुःख नाही असा अर्थ काढू नका, मुलं दुःख घोटाघोटाने पितात.

तज्ज्ञाकडे कधी पाठवायचं? दोन आठवडे उलटूनही बदल टिकून असेल, आणि झोप, खाणं, खेळ, अभ्यास, मैत्री यांपैकी एकाहून जास्त ठिकाणी दिसत असेल, तर वाट बघू नका. घरी भरपूर बोलणारं पण शाळेत महिन्याहून जास्त काळ एक शब्दही न बोलणारं मूल हट्टी नसतं. तो चिंतेचा ओळखीचा प्रकार आहे. 'बोललास तर बक्षीस' असं सर्वांसमोर करू नका, मान हलवून किंवा बोट दाखवून उत्तर चालेल असं सांगा आणि मदत मिळवा. शाळेतच दिसणारी चंचलता आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसणारी चंचलता यांत फरक आहे, तोही तुमच्या नोंदींतून डॉक्टरांना कळतो. तुमची ती वही पालकांसोबत पाठवा. तज्ज्ञाची वाट बघण्यात आठवडे जातील, त्या काळात दोन मिनिटं आणि पायऱ्या चालूच ठेवा.

तुमच्याबद्दलही दोन शब्द. एवढ्या मुलांचं मन सांभाळणारी बाई स्वतः एकटी पडली तर हे चालणार नाही. आराखड्यात लिहा, की शिक्षक पंधरवड्यातून एकदा अर्धा तास बसतील, एकेका मुलाबद्दल बोलतील, आणि त्या अर्ध्या तासात दुसरं कोणतंही काम कोणी सांगणार नाही. अवघड मूल एकाच्याच माथी वर्षभर राहू नये, ते मूल कोणाकडे गेलं तर त्याला बरं वाटतं हे सगळ्यांना माहीत असावं. मुख्याध्यापिकांना कागद हवा असेल तर एका पानापेक्षा मोठा करू नका, मोठा कागद कपाटात जातो.

सोमवारी दारात उभ्या राहा. प्रत्येक मूल आत येताना त्याचं नाव घ्या, डोळ्यांत बघा. ३८ मुलांना चार मिनिटं लागतात. मुलगी आत येताना पोटाशी हात असेल तर तिला काही विचारू नका, फक्त वेळ लिहा. मुलगा येईल तेव्हा दप्तर टाकायच्या आधी त्याला एखादं खरं काम द्या, खडू आणायचं किंवा खिडक्या उघडायचं. आणि वहीच्या पहिल्या पानावर दोघांची नावं लिहिल्यावर खाली आणखी तीन ओळी मोकळ्या ठेवा. वर्गात अशी दोन-तीन मुलं असतात जी कधीच कोणाच्या नजरेत भरत नाहीत, कशाला नाही म्हणत नाहीत, चुकलेलं अक्षर कागदाला भोक पडेपर्यंत खोडत बसतात. त्यांची नावं आठवायला तुम्हाला वेळ लागेल. आठवली की लिहा.